इंडक्शनवर रोजचा स्वयंपाक: आकडा कमी ठेवा, बूड जाड घ्या

माझ्या ओळखीत सहा-सात घरं तरी अशी आहेत जिथे इंडक्शन शेगडी माळ्यावर पडून आहे. सिलेंडर संपला की तेवढ्यापुरती खाली येते, दोन दिवस तिच्यावर चहा नि मॅगी होते आणि नवा सिलेंडर आला की परत वर. का वापरत नाही म्हणून विचारलं तर सगळ्यांचं उत्तर एकच, त्याच्यावर सगळं करपतं नाहीतर कच्चं राहतं. मला हे ऐकून खरंच वाईट वाटतं, कारण माझ्याकडे रोजचा डाळ-भात, भाजी, पोळी, आणि आई आली की भाकरीसुद्धा त्याच शेगडीवर होते आणि काही करपत नाही. त्यामुळे म्हटलं एकदा बसून सगळं नीट लिहून काढावं, म्हणजे कोणाची तरी शेगडी खाली येईल.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवायची. गॅसवर आपण ज्योत बघून स्वयंपाक करतो, मंद, मध्यम, मोठा, सगळं डोळ्यांना दिसतं. इंडक्शनवर बघायला काहीच नसतं. काचेखाली तांब्याच्या तारेची गोल कॉइल असते, तिच्यात सेकंदाला हजारो वेळा उलटसुलट होणारा करंट फिरतो, त्यामुळे वर ठेवलेल्या भांड्याच्या बुडातच करंट तयार होतो आणि बूड स्वतःच तापतं. काच तापते ती फक्त भांड्यामुळे. आता गॅसची आच भांड्याच्या बाजूने किती तरी हवेत निघून जाते, म्हणून तर कढईचे कान तापतात आणि ओट्याजवळ उभं राहवत नाही. इथे मात्र जवळपास सगळी उष्णता थेट बुडात जाते, म्हणून इंडक्शनचा २००० (शेगडीवर दिसणारे हे आकडे वॅटचे असतात) म्हणजे आपला "मोठा गॅस" नाहीच, तो त्याच्याही खूप वर आहे. लोक शेगडी चालू करतात, ती आपोआप १२०० किंवा १६०० वर सुरू होते, आणि तशीच ठेवून कांदा टाकतात. मग करपणारच ना. माझा अंदाज सांगते, ८०० ते १००० म्हणजे आपला नेहमीचा मध्यम गॅस, आणि रोजचा पाऊण स्वयंपाक १००० च्या खालीच होतो. २००० फक्त पाणी उकळायला.

आता पॉइंटचं बघू, कारण इथे चूक झाली तर ती करपलेल्या भाजीएवढी साधी नसते. २००० वॅटची शेगडी २३० व्होल्टवर जवळजवळ ९ अँपिअर ओढते. आपल्या घरातला मोबाईल चार्जरचा साधा पॉइंट ६ अँपिअरचा असतो. आमची बिल्डिंग जुनी आहे, ओट्याजवळ एकच पॉवर पॉइंट आणि तो फ्रिजला, म्हणून पहिल्या आठवड्यात मी एक्स्टेंशन बोर्ड लावून शेगडी चालवली. चौथ्या दिवशी कुकर लावलेला असताना जळका वास यायला लागला, मला वाटलं डाळ लागली, झाकणाजवळ नाक नेऊन बघितलं तर तिथे काही नाही, आणि मग खाली बघितलं तर बोर्डाचं पांढरं प्लास्टिक पिनांभोवती पिवळं पडून मऊ झालेलं. मेन स्विच बंद करेपर्यंत हात कापत होते माझे. तेव्हापासून ज्याला त्याला सांगते, १६ अँपिअरचा पॉवर पॉइंट (इलेक्ट्रिशियन त्याला अजून पंधराचा पॉइंटच म्हणतात) तो स्वतंत्र हवा, अर्थिंग तपासलेलं हवं आणि मध्ये कुठलाही एक्स्टेंशन बोर्ड किंवा थ्री-पिनचं कन्व्हर्टर नको. इलेक्ट्रिशियनकडून नवीन वायर ओढून घ्यायचा खर्च येतो, पण तो करायचाच. आणि तुमच्या वीजबिलावर "मंजूर भार" म्हणून एक आकडा किलोवॅटमध्ये असतो तो बघून ठेवा, तो १ किंवा २ असेल तर गीझर आणि इंडक्शन एकाच वेळी लावू नका. घरातल्या साध्या इन्व्हर्टरवर तर इंडक्शन चालवायचा विचारही करू नका, त्याला तेवढा लोड झेपत नाही.

भांडी. इथे बरेच पैसे वाया जातात म्हणून सविस्तर सांगते. फ्रिजवरचं लोहचुंबक घ्या आणि घरातल्या एकेका भांड्याच्या बुडाला लावून बघा. घट्ट चिकटलं तर भांडं चालेल, नुसतं रेंगाळून घसरलं तर तापेल पण नीट नाही, आणि पडलं तर विषय संपला. जर्मनची पातेली, हिंडालियमची कढई, तांब्या-पितळेची भांडी, मातीची मडकी, काचेची भांडी यातलं काहीही चालत नाही. लोखंड आणि बीड सगळ्यात छान चालतं. स्टीलचं मात्र फसवं असतं, कारण स्टीलमध्येही प्रकार आहेत, आणि चांगलं भारी, ज्याच्यावर १८/८ लिहिलेलं असतं, ते स्टील उलट चुंबकाला चिकटत नाही. म्हणजे आजीच्या काळातलं जड स्टीलचं पातेलं चालणार नाही आणि बाजारातलं हलकं चालेल असं होऊ शकतं. मी एकदा "इंडक्शन बॉटम" असं स्टिकर बघून पातेलं आणलं, घरी आल्यावर चुंबक फक्त मध्यभागी रुपयाएवढ्या जागेवर चिकटलं, बाकी सगळीकडे पडलं. त्या पातेल्यात दूध मधोमध लागायचं आणि कडेला कोमट असायचं. तेव्हापासून पर्समध्ये चुंबक घेऊनच दुकानात जाते, दुकानदार बघतात, बघू देत.

दुसरं म्हणजे बूड सपाट हवं आणि जाड हवं. गोल बुडाची कढई काचेवर टेकतच नाही. पातळ स्टीलचं पातेलं तर इंडक्शनवर अगदीच नको, कारण कॉइल गोल असते, तिच्या वर बुडाला एक बांगडीसारखं कडं तापतं आणि पातळ भांड्यात ते कडं तसंच्या तसं पदार्थावर उमटतं, बरोबर गोल करपलेलं. तीन थरांची जाड भांडी मिळतात, आत-बाहेर स्टील आणि मध्ये ॲल्युमिनियम, ती महाग पडतात पण एक कढई आणि एक पातेलं असं दोनच घेतलं तरी रोजचं भागतं. त्याच्या जोडीला लोखंडी सपाट तवा आणि इंडक्शनवर चालणारा कुकर. एवढंच. बाकी सेटच्या सेट घ्यायची गरज नाही. आणि ज्या भांड्याचं बूड छोट्या वाटीएवढं, म्हणजे १०-१२ सेंटीमीटरपेक्षा लहान असतं, ते बऱ्याच शेगड्यांना कळतच नाही, बीप बीप करत राहतात.

याच कारणाने फोडणीची पळी गेली. आपल्याकडे वरणाला वरून फोडणी, कोशिंबिरीला फोडणी, ढोकळ्याला फोडणी, आणि ती छोटी पळी तर इंडक्शनवर चालत नाही. मी त्यासाठी सपाट बुडाचं छोटं लोखंडी कढलं आणलंय, बूड साधारण १३ सेंटीमीटर, त्यात दोन चमचे तेलाचीही फोडणी होते, फक्त कढलं किंचित तिरकं धरून तेल एका बाजूला आणायचं. शेगडीवरून पूर्ण उचलायचं नाही, उचललं की शेगडी ओरडायला लागते आणि थोड्या वेळाने बंद पडते. फोडणीसाठी आकडा ६०० ते ८००, त्यापुढे नाही. तेल घातल्यावर गॅसवर आपण डबा उघडून मोहरी काढेपर्यंत वेळ असतो, इथे नसतो. म्हणून मोहरी, जिरं, हिंग, हळद, कढीपत्ता, मिरची सगळं आधी ताटलीत काढून ठेवायचं आणि मगच शेगडीचं बटण दाबायचं. मोहरीचे दोन दाणे टाकून बघा, तडतडले की बाकीची टाका, मोहरी फुटायला लागली की लगेच बंद. हो, बंदच करायची, कारण तापलेल्या लोखंडात जी धग आहे ती जिरं, हिंग, हळद सगळ्याला पुरते. हळद करपून फोडणी काळी पडते ना, ती बहुतेक वेळा यामुळेच की आपण शेगडी चालू ठेवून हळद टाकतो. भाजीची फोडणी असेल तर हळद टाकली की लगेच कांदा किंवा भाजी टाकून मग परत ८०० ला सुरू करायचं.

इथे अजून एक गंमत समजून घ्या, तिच्यामुळे बरेच प्रश्न सुटतात. साध्या घरगुती शेगड्यांना खरा मंद जाळ देताच येत नाही. तुम्ही ३०० किंवा ४०० लावता तेव्हा ती काही सेकंद जोरात चालते, काही सेकंद पूर्ण बंद होते, परत चालते, आणि सरासरी तेवढी भरते. कान देऊन ऐका, घूंऽ आवाज येतो, थांबतो, परत येतो. आमटी अशी मंद ठेवली की खदखदते, गप्प होते, खदखदते. पातळ भांड्यात त्या चालू सेकंदांतच तळाला लागतं. जाड बुडात तीच धग मुरते आणि आच एकसारखी लागते. म्हणून मी परत परत जाड बूड, जाड बूड म्हणतेय. पोह्यांना मात्र हा मंद जाळ फार छान मानवतो, कांदा ८०० वर परतला, पोहे घातले, हलवले, की ३०० ला लावून झाकण ठेवायचं, दोन-तीन मिनिटांत मस्त वाफ येते आणि पोहे खाली धरत नाहीत. साबुदाण्याची खिचडी तशीच, फक्त ती हलवायला विसरायचं नाही.

दूध नि चहा. शेगडीवर दुधाचं बटण असतं, चहाचं बटण असतं, पण ती बटणं ठराविक मापाचा अंदाज धरून केलेली असतात, तुमचं अर्धा लिटर दूध आणि तुमचं पातेलं त्यांना माहीत नसतं. मी ती वापरत नाही. पातेलं आधी पाण्याने विसळून घ्यायचं, पुसायचं ते फक्त बाहेरून, आत ओलं राहू दे, दूध ओतायचं आणि ८०० ला लावायचं. उतू जायला आलं की बटण दाबा, दूध जागच्या जागी खाली बसतं. गॅसवर बंद केल्यावरही जाळी तापलेली असते म्हणून ते क्षणभर वर येतच राहतं, तसं इथे होत नाही, हे मला इंडक्शनचं सगळ्यात आवडतं. चहा दोन कपाचा असेल तर पाणी-साखर-आलं १००० वर उकळायचं, पावडर घालून ४०० वर दोन मिनिटं, मग दूध घालून परत ८००, आणि समोर उभं राहायचं, कारण इंडक्शनवर चहा वर येतो तो झपकन येतो.

नुसतं पाणी उकळायचं असेल तेव्हा मात्र झाकण ठेवून बिनधास्त २०००. एक लिटर पाणी सव्वातीन-साडेतीन मिनिटांत खळखळतं.

आता कुकर, आणि इथे जरा थांबून वाचा, कारण इंडक्शनला नावं ठेवणाऱ्या बहुतेकांची पहिली तक्रार हीच असते की पाच शिट्ट्या झाल्या तरी डाळ शिजली नाही. आपल्याला शिट्ट्या मोजायची सवय आहे. आईने सांगितलेलं असतं भाताला तीन, डाळीला चार, राजम्याला सात. पण डाळ शिट्ट्यांनी शिजत नाही, ती कुकरमध्ये दाब तयार झाल्यावर किती मिनिटं त्या दाबाखाली राहिली त्यावर शिजते. गॅसवर दोन शिट्ट्यांमध्ये दोन-तीन मिनिटं जातात म्हणून शिट्टी हे घड्याळ चालून जातं. इंडक्शनवर १६०० ला ठेवलं तर पहिल्या शिट्टीनंतर बाकीच्या धडाधड होतात, चार शिट्ट्या तीन मिनिटांत, तुम्ही बंद करता, आणि डाळ टणक. वर कुकरमधलं पाणीही वाफेबरोबर उडून जातं ते वेगळंच.

मी असं करते. पाच लिटरचा कुकर, तळाला दोन ग्लास पाणी, खालच्या डब्यात तूरडाळ (अर्धा तास भिजवलेली, हळद-हिंग आणि तेलाचा थेंब घालून), वरच्या डब्यात तांदूळ. १४०० वर लावायचं. आठ-दहा मिनिटांत पहिली शिट्टी होते. शिट्टी झाली की लगेच ५०० वर आणायचं आणि टायमर १२ मिनिटं. या १२ मिनिटांत एखादी शिट्टी होईल किंवा होणारही नाही, तिच्याकडे लक्ष द्यायचं नाही, शिट्टीच्या बाजूने बारीक सुस्स आवाज येत राहिला म्हणजे आत दाब आहे. आवाज अजिबात थांबला तर ६०० करा. टायमर संपला की शेगडी आपणच बंद होते आणि कुकर आपोआप उतरू द्यायचा, शिट्टी उचलायची नाही. डाळ रवीने एकदा फिरवली की मऊ लोण्यासारखी होते. नुसता भात असेल तर शिट्टीनंतर ५ मिनिटं पुरतात, रात्रभर भिजवलेले छोले किंवा राजमा असेल तर २० ते २५. पहिले दोन-तीन वेळा तुमच्या डाळीचं माप बघा आणि मिनिटं वहीत लिहून ठेवा, कारण प्रत्येकाची डाळ, पाणी आणि कुकर वेगळा. शिट्ट्या मोजणं सोडून मिनिटं मोजायला लागलात की अर्धी लढाई जिंकलात.

पोळीसाठी लोखंडी सपाट तवा. तवा ठेवून थेट १८०० लावायचं नाही, कधीच नाही. मधोमध कडं झपकन तापतं, कडा गार असतात, आणि त्या ताणाने लोखंडी तवा मध्ये फुगतो, मग तो काचेवर डुगडुगत बसतो आणि कायमचा बिघडतो. बिडाचा तवा तर तडकूही शकतो. ६०० वर तीन-चार मिनिटं तापू द्या, मग १००० ते १२००. घडीची पोळी छान होते, कारण आच मध्येच कमी-जास्त होत नाही. फक्त पोळी तव्यापेक्षा लहान लाटा आणि भाजताना गोल फिरवत राहा, कारण कडेला धग कमी लागते. फुलका ज्योतीवर फुगवायची सवय असलेल्यांना आधी चुकल्यासारखं वाटतं, पण सुती फडक्याची घडी करून तव्यावरच कडेकडेने हलकं दाबलं की तो टम्म फुगतो. शेगडीवर पापडाची जाळी ठेवून फुलका भाजायचा प्रयत्न मात्र करू नका.

भाकरीचं मी स्वतःच मानायला तयार नव्हते. आई गावाहून आली तेव्हा सिलेंडर संपलेला, आणि तिला दुपारी भाकरी लागते म्हणजे लागतेच. तिने बिडाचा तवा शेगडीवर ठेवला, मी ६०० लावलं, पाच मिनिटं थांबलो. मग १४०० केलं. तिने परातीत ज्वारीची भाकरी थापली, पिठाची बाजू वर ठेवून तव्यावर टाकली, ओल्या हाताने वरून पाणी फिरवलं. गॅसवर ते पाणी कडेपासून सुकत येतं, इथे ते मधून सुकायला लागलं, आणि कडेला ओलं तसंच. ती काही बोलली नाही, उलथन्याने भाकरी जरा इकडे सरकवली, जरा तिकडे, म्हणजे प्रत्येक कड आळीपाळीने मधल्या गरम जागेवर आली. पाणी सगळीकडून सुकतंय तोच उलटली. ती बाजू नीट होऊ दिली, खाली लाल ठिपके येईपर्यंत, मग परत उलटून पंचाची घडी घेऊन कडेने दाबत दाबत गोल फिरवली आणि भाकरीला पापुद्रा सुटला. पहिली थोडी कमी फुगली, दुसरीपासून व्यवस्थित. तव्याची धग कमी वाटली की "वाढव जरा" म्हणायची, मी १६०० करायचे, भाकरी टाकली की परत १४००. पिठात उकळीचं पाणी घालून मळलं होतं हे महत्त्वाचं, कोमट पाण्याने कडा चिरतात आणि इंडक्शनवर त्या चिरा जास्त दिसतात. आता ती इथे असली की मला विचारतही नाही, स्वतःच बटणं दाबते. एक लक्षात ठेवा, बिडाचा तवा खालून खरखरीत असतो, तो काचेवरून ओढायचा नाही, उचलूनच ठेवायचा.

वाटण भाजायला इंडक्शन फारच छान. सुकं खोबरं, कांदा, तीळ, खसखस ५०० ते ६०० वर तव्यावर हळूहळू भाजायचं, रंग एकसारखा येतो. पुरण आटवायला ६००, जाड पातेलं आणि हात न थांबवता हलवणं. गणपतीत मोदकांची उकड काढायला तर मी आता गॅसकडे बघतच नाही, पाण्याला उकळी आली, पीठ घातलं, ढवळलं, झाकण ठेवून २०० किंवा ३०० वर दोन मिनिटं आणि बंद, उकड खाली लागत नाही. वाफवायला जर्मनचं मोदकपात्र चालणार नाही, पण इंडक्शनवर चालणाऱ्या पातेल्यात पाणी घालून वर चाळण ठेवली की १००० वर १२-१५ मिनिटांत मोदक होतात. तळण करताना मात्र कढई सोडून जायचं नाही, रिकामी कढई किंवा तेलाची कढई जास्त आकड्यावर ठेवून फोन घ्यायला गेलात तर मिनिटभरात धूर येतो. नॉनस्टिक तर रिकामं तापवायचंच नाही, त्याचा थर खराब होतो.

पैशाचं विचारतात सगळे. सोपा हिशोब देते. घरगुती सिलेंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो, आणि एका सिलेंडरवर जेवढा स्वयंपाक होतो तेवढा इंडक्शनवर करायला माझ्या हिशोबाने साधारण १२५ युनिट लागतात, गॅसची वाया जाणारी आच धरून. म्हणजे सिलेंडरच्या किमतीला १२५ ने भागा, जो आकडा येईल त्यापेक्षा तुम्हाला युनिट स्वस्त पडत असेल तर इंडक्शन फायद्याचं, महाग पडत असेल तर गॅस. पण युनिटचा दर काढताना नुसता वीज आकार बघू नका, त्यात वहन आकार आणि वीज शुल्कही धरा. महावितरणचे टप्पे १०० युनिटपर्यंत, मग ३००, मग ५०० असे चढत जातात, आणि इंडक्शनची युनिटं तुमच्या सगळ्यात वरच्या टप्प्यात मोजली जातात. म्हणून ज्यांचं बिल कमी युनिटचं आहे त्यांना परवडतं, आणि उन्हाळ्यात एसी लावणाऱ्यांना त्या महिन्यांत गॅसच स्वस्त पडायची शक्यता जास्त. छतावर सोलर असेल तर दुपारचा स्वयंपाक डोळे झाकून इंडक्शनवर करा. मी दोन्ही ठेवलंय आणि तेच मला शहाणपणाचं वाटतं, लाईट गेली तरी स्वयंपाक अडत नाही.

शेगडीची काळजी फार नसते, पण जी आहे ती घ्याच. स्वयंपाक झाला की लगेच बोर्डावरचं बटण बंद करू नका, आतला पंखा चालू असतो तो आपोआप थांबू द्या. शेगडीखाली पेपर किंवा प्लास्टिक अंथरू नका, हवा खालूनच आत जाते, आणि भिंतीपासून वीतभर तरी लांब ठेवा. झुरळं हा खरा शत्रू आहे, आत ऊब असते म्हणून ती त्या जाळीतून शिरतात आणि आतला बोर्ड खराब करतात, म्हणून रात्री शेगडी पूर्ण गार झाली की पुसून कोरडी करून उभी ठेवते मी. काच पुसायला ओलं फडकं आणि साबणाचा एक थेंब, तारेची घासणी नको. साखरेचा पाक किंवा गूळ सांडला तर मात्र तो घट्ट व्हायच्या आत काढा, जपून, नाहीतर काचेला खड्डे पडतात. भांड्याचं बूड ओलं ठेवलं की पांढरे गोल डाग पडतात, ते लिंबाची फोड फिरवली की जातात. काचेला चीर गेली, अगदी केसाएवढी असली तरी, प्लग काढा आणि वापर बंद, कारण पाणी आत गेलं तर शॉक बसू शकतो. घरात कोणाला पेसमेकर असेल तर त्यांनी चालू शेगडीपासून दोन फूट तरी लांब राहायचं आणि डॉक्टरांना विचारून घ्यायचं.

आणि वांग्याचं भरीत. ज्योतीवर भाजलेल्या वांग्याचा धुरकट वास इंडक्शनवर येत नाही, त्यासाठी मी गॅसच पेटवते. पण गॅस नसेल आणि भरीत खायचंच असेल तर वांगं उभं अर्धं कापा, गराला आडव्या-उभ्या चिरा द्या, तेल-मीठ चोळा आणि लोखंडी तव्यावर गराची बाजू खाली ठेवून, वर घट्ट झाकण ठेवून ६०० वर १५ मिनिटं सोडून द्या. मग उलटून सालीची बाजू दहा मिनिटं. गर तपकिरी, मऊ आणि जरा गोडसर होतो, त्यात कच्चा कांदा, मिरची, कोथिंबीर, शेंगदाण्याचं कूट आणि वरून लसणाची फोडणी. लसूण जरा जास्तच घाला.